हलणारी डिफेंडर म्हणजे ब्लॉकिंगच का?

प्रश्न (नवी रेफ्री, सोलापूर)
रविवारी शाळेच्या मुलींची बास्केटबॉलची मॅच होती. मी लीडला, म्हणजे रिंगजवळच्या रेफ्रीच्या जागी, बेसलाइनवर. शेवटची 2 मिनिटं, 1 पॉइंटचा फरक. एक मुलगी ड्राइव्ह मारत (बॉल घेऊन रिंगकडे धावत) लेअपला (रिंगजवळून उडी मारून बास्केट करायला) उठली, दुसरी डिफेंडर मदतीला धावत आली आणि दोघी कोसळल्या. मी चार्जिंग दिलं, म्हणजे बॉल घेऊन उठलेल्या मुलीचा फाउल. तिचा तो पाचवा, म्हणून मॅचमधून बाद, रडतच बाहेर गेली. तिचे सर ओरडत होते, "मॅडम, डिफेंडर हलत होती!" ते रडणं डोळ्यांपुढून जात नाही. डिफेंडर हलली की ब्लॉकिंगच (डिफेंडरचा फाउल) द्यायचं का?

उत्तर (नागपूर, 20 वर्षं रेफ्री)
नाही. बेंचवरून हे प्रत्येक मॅचला ऐकू येतं. दोन्ही पाय जमिनीवर आणि तोंड समोरच्या खेळाडूकडे, एवढं झालं की जागा डिफेंडरच्या हक्काची. मग ती बाजूला सरकेल, मागे जाईल, धक्का सोसायला अंग चोरेल, सगळं चालतं. पुढे अंगावर जाणं चालत नाही. बॉल हातात असलेल्या खेळाडूला अंतर द्यावं लागत नाही, बॉल नसेल तर किमान एक पाऊल सोडावंच लागतं.

पण तुमची मुलगी हवेत होती. तिचे पाय जमिनीवरून सुटले तेव्हा डिफेंडर तिथे पोचली होती का? नंतर वाटेत शिरली असेल तर ब्लॉकिंग, मग आदळताना ती अगदी स्थिर उभी असली तरी. धक्का छातीवर बसला की बाजूने?

उत्तर (कोच, कोल्हापूर)
रिंगखालचं अर्धवर्तुळही बघा, त्रिज्या 1.25 मीटर. डिफेंडरचा एक पाय जरी त्यात किंवा रेषेवर असला, तरी बॉल घेऊन हवेत उठलेल्या मुलीला अशा धडकेवर चार्जिंग देत नाहीत. तिने हात-पाय चुकीचे वापरले असतील तरच. आमच्या मैदानावर ती रेषा पुसली गेली आहे, मॅचआधी मी चुन्याने आखून घेतो.

सोलापूर
दोघी अर्धवर्तुळाच्या बाहेर होत्या, ते पक्कं. पण खरं सांगते सर, मी बॉल बघत होते. डिफेंडर दिसली ती आदळतानाच. तिची मांडी बाजूने लागली होती, हे मात्र आता स्पष्ट आठवतंय. म्हणजे ती उशिरा आली. लेअप आत गेला नव्हता, त्या मुलीला 2 फ्री थ्रो मिळायला हवे होते.

नागपूर
तुम्ही सांगता तसं असेल तर हो. ड्राइव्ह सुरू झाला की बॉल सोडा, डिफेंडरचे पाय धरा. मदतीला येणारी तर आधीच हेरून ठेवा. आणि एका जागी खिळून राहू नका, दोघींमधली फट दिसेल इतकं सरका.

सोलापूर
उद्या सरावाला दोघींना हीच मूव्ह हळू करायला लावते, शिट्टी न वाजवता नुसते पाय बघते. त्या सरांनाही फोन करणार आहे. त्या मुलीला कळायला हवं की तिचं चुकलं नव्हतं.