एका अक्षरासाठी अख्खी ओळ का वाचावी?

नांदेडकर (धागाकर्ता): ‘सी प्रोग्रॅमच्या मेनूत एकच अक्षर घ्यायचे असेल, तर स्कॅनएफ या इनपुट वाचणाऱ्या फंक्शनच्या आधी एफफ्लश(एसटीडीइन) लिहा, म्हणजे कीबोर्डवरून आलेले उरलेसुरले साफ होते, आणि मोकळे व्हा,’ हा काल येथे दिलेला सल्ला वाचून राहवले नाही. सी भाषेच्या अधिकृत प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) एफफ्लश आउटपुटसाठी आहे. एसटीडीइनवर त्याचे काय होईल, हे प्रमाण सांगतच नाही. वापरकर्ता ‘१’ दाबून एंटर मारतो तेव्हा दोन अक्षरे येतात; पहिले आपण घेतो आणि मागे उरलेला एंटर पुढच्या फेरीत ‘चुकीचा पर्याय’ म्हणून अंगावर येतो. एफगेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनने ओळ घ्यावी, दुसरे अक्षर एंटरच आहे का ते पाहावे, नसल्यास उरलेली ओळ टाकून देऊन पुन्हा विचारावे.

लातूरकर: सल्ला माझाच होता. एफफ्लश नको तर नको, पण स्कॅनएफमधल्या टक्का-सीच्या (%c, ‘एक अक्षर वाच’ ही खूण) आधी एक जागा मोकळी सोडली की एंटर गिळला जातो. मग हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

नांदेडकर: कारण ‘१२’ दाबले की आधी १ चालतो आणि मागोमाग २ न विचारता चालतो. मावसभावाच्या खतदुकानासाठी मी केलेल्या प्रोग्रॅममध्ये १ म्हणजे खाते पाहणे आणि २ म्हणजे खाते पुसणे होते. त्याने मेनूतच बारा नंबरचे खाते मागितले आणि ऐन पेरणीत एका गिऱ्हाइकाची उधारी साफ झाली. तो अजूनही मला त्या रकमेची आठवण करून देतो.

परभणीकर: मूळ दुखणे टर्बो सी या जुन्या कंपायलरचे आहे. आमच्या महाविद्यालयात त्या निळ्या पडद्यावर ‘गेटच’ (getch, एंटरची वाट न पाहता एक कळ वाचणारे फंक्शन) शिकवले. मी घरी जीसीसी या कंपायलरवर गेटचार (getchar, प्रमाणातले एक अक्षर वाचणारे फंक्शन) वापरून केलेला प्रोग्रॅम दाखवला, तर बहिःस्थ परीक्षकांनी ‘कोनिओ (गेटचसाठी लागणारी conio.h फाइल) कुठे आहे?’ म्हणून गुण कापले.

लातूरकर: आपले गुण गेले म्हणून टर्बो सीला शिव्या देऊ नयेत. भारनियमनातून उरलेल्या तासाभरात आमच्या जुनाट संगणकांवर तेच चालत असे, आणि त्यावर शिकलेली मुले आज पुण्यात नोकऱ्या करतात.

परभणीकर: करतात, पण तिथे गेल्यावर आधी हेच विसरावे लागते! तुमचा एफफ्लश तर मायक्रोसॉफ्टनेही व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून एसटीडीइनवर निष्प्रभ केला आहे.

बीडकर: भांडणात एक राहिले. गेटचारचे उत्तर इंट (int, पूर्णांक) या प्रकारात घ्यावे. ‘चार’ (char, अक्षराचा प्रकार) जिथे अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडे न धरणारा, असतो तिथे त्यात घेतलेला इओएफ (इनपुट संपल्याची खूण) ओळखूच येत नाही आणि मेनू अखंड फिरत राहतो.

लातूरकर: ‘१२’ आत्ताच करून पाहिले, दोन्ही पर्याय चालले. एफगेट्स लावतो. मात्र उरलेली ओळ टाकून देणारे फंक्शन, एवढे विद्वान जमलेच आहात तर, कोणीतरी लिहूनच द्यावे.