मदत हवी आहे : कललेला गुलमोहर, मुळाशी भूछत्र

पुण्यात आमच्या सोसायटीच्या आवारात जुना गुलमोहर आहे. छातीच्या उंचीला घेर २१० सेंमी. पार्किंगकडे आधीपासूनच थोडा कललेला. पण या पावसात कलाच्या उलट बाजूची माती बोटभर फाटली आणि तिथले दोन पेव्हर ब्लॉक उचलले गेले. दोन वर्षांपूर्वी त्याच बाजूला, खोडापासून तीन फुटांवर ड्रेनेजसाठी चर खणला होता. मनगटाएवढी मुळं तुटलेली मी स्वतः पाहिली.

बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखं कडक, पांढऱ्या कडेचं भूछत्र आलंय. लाकडी हातोडीने ठोकून पाहिलं : गुडघ्याच्या उंचीपर्यंत आवाज पोकळ, वर ठणठणीत. पालवी मात्र हिरवीगार, म्हणून निम्मे सभासद म्हणतात, 'झाडाला काय झालंय?'

गाड्या हलवल्यात, दोरी बांधलीय. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज दिलाय, पाहणी व्हायचीय. एक ठेकेदार म्हणतो शेंडा छाटा, दुसरा म्हणतो मुळासकट काढा. दोघांनीही बुंध्याकडे वाकून बघितलं नाही! परवानगीशिवाय काहीच तोडणार नाही, आणि वाचत असेल तर वाचवायचाच आहे.

सोनिक टोमोग्राफीबद्दल (ध्वनिलहरी सोडून खोड आतून तपासतात ती) वाचलं, पण त्यात खोडाची पोकळी कळते. माझी भीती मुळांची आहे. दोर लावून ओढून बघायची चाचणी (खोडाचा कल मोजत करतात ती) पुण्या-मुंबईत कोणी करून घेतली आहे का? आणि माती फाटलेली असताना फांद्या हलक्या करून भागतं, की ती वेळ गेली?