एकट्याने ब्रेक ब्लीड करताना
दुचाकीचा हायड्रॉलिक ब्रेक ब्लीड करताना, म्हणजे त्याच्या ऑइलमधली हवा बाहेर काढताना, लिव्हर दाबायला दुसरा माणूस हवाच असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. ब्लीड निपलला (ब्रेकवरच्या हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी घट्ट बसवून तिचे टोक बाटलीतल्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. मग लिव्हर दाबून निपल सैल करावा आणि लिव्हर सोडण्यापूर्वीच तो आवळावा, म्हणजे हवा उलटी आत शिरत नाही. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे, मात्र वरची ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नये. हायड्रॉलिक क्लचलाही हीच रीत चालते. गोव्याच्या दमट हवेत ऑइल वेळेवर बदलणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळणारे डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल ओलावा शोषल्यावर १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते, आणि चोर्ला घाट उतरताना ते धोक्याचे आहे. पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर ऑइलचे थेंब सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे.