२७-२६ : एका गुणाची हार, आणि इंग्लंडच्या रग्बी लीगचं पुढे काय?

लीड्सकर (२० नोव्हेंबर २०२२)

आठवडा उलटला तरी तो सामना डोक्यातून जात नाही. १२ नोव्हेंबरला लंडनच्या एमिरेट्स स्टेडियमवर रग्बी लीगच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी झाली, इंग्लंड विरुद्ध समोआ. शेवटची काही मिनिटं उरली असताना इंग्लंड २०-२६ असं मागे होतं. इंग्लंडच्या हर्बी फार्नवर्थने ट्राय केला (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, चार गुण), मॅकिन्सनने त्यावरचा दोन गुणांचा गोल लाथेने साधला आणि २६-२६ झाले. मग जादा वेळ. त्यात जो पहिला गुण घेईल तो जिंकला. (कबड्डीतली सुवर्ण चढाई आठवा, तसाच जीव टांगणीला.) समोआच्या स्टीफन क्रायटनने ड्रॉप गोल (चेंडू टप्पा पाडून खांबांमधून मारायचा, एक गुण) मारला आणि खेळ संपला.

याच समोआला इंग्लंडने १५ ऑक्टोबरला न्यूकॅसलमध्ये ६०-६ असं धुतलं होतं. म्हणून इथले लोक म्हणतात, नशीब फुटकं. मला ते पटत नाही. प्रशिक्षक शॉन वेन २०२० साली आले. कोविडमुळे त्या वर्षीचा ऑस्ट्रेलियाचा दौरा रद्द झाला, विश्वचषक वर्षभर पुढे गेला. मधल्या काळात इंग्लंडला सामने मिळाले ते फ्रान्स, फिजी असे. अटीतटीत ऐंशी मिनिटं खेळायची सवय या संघाला लागणार कुठून? दरवर्षी टोंगा, समोआ, न्यूझीलंड यांच्याशी मालिका ठेवा, वेन यांना राहू द्या. पुढच्या विश्वचषकात हा संघ वेगळा दिसेल.

सातारी_गडी

साफ असहमत. तयारी कमी पडली म्हणता, मग समोआची किती होती? त्यांचे लुआय, टोओ, क्रायटन २ ऑक्टोबरला पेनरिथ क्लबकडून ऑस्ट्रेलियातल्या लीगची अंतिम लढत खेळले आणि दोन आठवड्यांत विश्वचषकाला उभे राहिले. ६०-६ त्यामुळेच झालं. पण पुढच्या चार आठवड्यांत तो संघ एकजीव झाला, आणि इंग्लंड होतं तिथंच राहिलं. नेमक्या मोक्याला आपला पास क्रायटनच्या हातात गेला आणि त्याने थेट ट्राय केला. ही चूक वेळापत्रकाची नाही. प्रशिक्षकाने जबाबदारी घ्यायलाच हवी.

पाऊसपक्षी

खेळ माहीत नसलेल्यांसाठी: तेरा जणांची ही रग्बी १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलातल्या बैठकीतून वेगळी झाली. कामावरचा खाडा भरून देण्यावरून वाद होता; गिरणी-खाणीतले खेळाडू पगार बुडवून खेळणार कसे? सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांकडे जातो.

आता मुद्दा. तुम्ही दोघं इंग्लंड का हरलं यावर भांडताय, समोआ का जिंकलं हे कोणीच बोलत नाही. सुमारे दोन लाख वस्तीचा देश! बरेचसे खेळाडू न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात वाढलेले. तिथल्या संघातून खेळता येत असतानाही काहींनी आजी-आजोबांच्या बेटाची जर्सी निवडली. काल ओल्ड ट्रॅफर्डवर अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून ३०-१० असे हरले, तरी मला वाटतं या स्पर्धेतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

लीड्सकर

@सातारी_गडी, लुआय आणि टोओ यंदा स्टेट ऑफ ओरिजिन (ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या राज्यांमधली मालिका) खेळले. त्याहून कडक सामने या खेळात नाहीत. दोन आठवड्यांची तयारी त्यांना पुरली ती त्यामुळे. माझं म्हणणं तुमच्याच उदाहरणातून सिद्ध होतंय. पासच्या चुकीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, ती पदरात घ्यावीच लागेल.

सातारी_गडी

मग २०१३चं काय? वेम्बली, उपांत्य फेरी, शेवटच्या मिनिटात शॉन जॉन्सनचा ट्राय, न्यूझीलंड २०-१८. २०१७ला ब्रिस्बेनमध्ये अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने ६-०. आणि आता हे. प्रशिक्षक बदलले, खेळाडू बदलले, काठावर येऊन बुडणं बदललं नाही. शेवटचा विश्वचषक ग्रेट ब्रिटनने जिंकला तो १९७२ला, त्याला पन्नास वर्षं झाली. एक-दोन मालिकांनी हे दुखणं जाईल असं मला वाटत नाही.

मनवा_मँचेस्टर

शुक्रवारी इथं मँचेस्टरमध्ये इंग्लंडच्या व्हीलचेअर संघाने फ्रान्सला २८-२४ असं हरवून विश्वचषक जिंकला. तोही अगदी शेवटपर्यंत अटीतटीचा. म्हणजे काठावरचा सामना इंग्लंडला जिंकता येत नाही, हे खरं नाही. धाग्यात त्याचा साधा उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं.

लीड्सकर

मनवा, चुकलं माझं. तो सामना आधी लिहायला हवा होता.

सातारी, २०१३ आणि २०१७चं दुखणं मलाही आहे. पण फार्नवर्थ बावीसचा, वेल्स्बी आणि डॉम यंग एकविसाचे. फार्नवर्थ आणि यंग आत्ताच ऑस्ट्रेलियातल्या लीगमध्ये दर आठवड्याला खेळतात. कर्णधार टॉमकिन्स तेहतिशीचा झाला, त्याची जागा भरावी लागेल. या पोरांना तीन वर्षांत दहा-बारा खरे सामने द्या, मग वेन यांचा हिशोब आपण दोघं मिळून मांडू.

सातारी_गडी

दहा-बारा मिळाले तर मीच धागा काढतो. पण पुढच्या शरद ऋतूत पुन्हा फ्रान्सशी एकच सामना दिसला, तर वेन यांच्याआधी वेळापत्रक ठरवणाऱ्यांना जाब विचारायचा. एवढं मान्य?

लीड्सकर

मान्य.