आधी पद्धती वाचा, निष्कर्ष नंतर

संशोधनात शंका घेणं हा स्वभावच असावा लागतो, तो शिकवता येत नाही, असं एकांनी लिहिलंय. मला पटत नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षात हे शिकवता येतं, आणि त्यासाठी २०१० चं आर्सेनिकचं प्रकरण उत्तम आहे.

कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधला जीएफएजे-१ हा जीवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून डीएनए बनवतो, असा दावा 'सायन्स' या शोधपत्रिकेत आला. नासाने पत्रकार परिषदही घेतली. हा पेपर विद्यार्थ्यांना द्यावा, निष्कर्ष झाकून ठेवावेत आणि फक्त पद्धती व तक्ते वाचायला सांगावेत. जीवाणू वाढवायच्या ज्या द्रवात (माध्यमात) फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं संयुग, घातलं नव्हतं, त्यातही इतर क्षारांबरोबर आलेलं सुमारे ३ मायक्रोमोलर, म्हणजे अगदी थोडं, फॉस्फेट होतंच. तेवढ्यावर जीवाणू वाढू शकतात का? डीएनए पुरेसा शुद्ध केला होता का, की आर्सेनिक नुसतं सोबत आलं होतं? कॅनडातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफील्ड यांनी नेमकं हेच विचारलं, आणि (मला हे सर्वांत मोलाचं वाटतं) त्या विचारून थांबल्या नाहीत, तो जीवाणू मागवून स्वतः वाढवला. २०१२ मध्ये त्यांच्या गटाला शुद्ध केलेल्या डीएनएत जोडलेलं आर्सेनिक सापडलं नाही. पेपर मागे घेतला गेला तो थेट २०२५ मध्ये, लेखकांचा विरोध असताना.

आपल्याकडे अडतं ते दुसरीकडे. जर्नल क्लबात, म्हणजे पेपर वाचून चर्चा करायच्या बैठकीत, "सर, इथे कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) कुठे आहे?" हे विचारायला मुलं धजत नाहीत. म्हणून मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत स्वतःचा एखादा जुना पेपर चिरफाडीसाठी समोर ठेवावा.