मदत हवी आहे: ॲसिटिक आम्लातही ओएच आहे, मग ते अल्कोहोल का नाही?

नमस्कार. मुलगी दहावीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. कार्बनी संयुगांच्या धड्यातला क्रियात्मक गटांचा तक्ता तिला पाठ आहे. पण तिला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाहीये. मी वाणिज्य शाखेची.

एवढं आम्हाला समजलंय: साखळीतल्या हायड्रोजनच्या जागी दुसरा अणू किंवा अणुगट बसला की संयुग कशाशी कसं वागेल ते मुख्यतः तो गट ठरवतो. इथेनवर ओएच बसला की इथेनॉल हे अल्कोहोल. तेच दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन वेगळ्या तऱ्हेने जोडले की डायमिथिल ईथर. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, ईथर उणे २४ अंशांनाच! हे वाचून तर आम्ही दोघीही थक्क झालो.

आता अडचण. ॲसिटिक आम्लाचा गट सीओओएच, म्हणजे त्यातही ओएच दिसतोच. मग व्हिनेगरमध्ये (म्हणजे पाण्यातल्या ॲसिटिक आम्लात) खायचा सोडा टाकल्यावर फेस येतो आणि इथेनॉलमध्ये येत नाही, असं का? शिवाय अल्डिहाइड आणि कीटोन, दोन्हींत कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असताना गट वेगळे का? "आहे तसं लक्षात ठेव" हे तिला एकदा ऐकवून झालंय, मला ते पुन्हा ऐकवायचं नाही.

प्रतिसाद १:
ताई, ओएच ज्या कार्बनवर आहे तो कार्बन बघा. आम्लात त्याच कार्बनला आणखी एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला आहे. ओएचमधला हायड्रोजन धन आयन होऊन निघून गेला की मागे ऋण प्रभार उरतो. आम्लात तो दोन्ही ऑक्सिजनवर सारखा वाटला जातो, म्हणून हायड्रोजन सहज सुटतो, सोड्याशी त्याची अभिक्रिया होते आणि फेस येतो. इथेनॉलमध्ये सगळा प्रभार एकाच ऑक्सिजनवर पडतो. त्यामुळे दोघांच्या आम्लतेत साधारण दहाच्या अकराव्या घाताइतका फरक पडतो. इथेनॉलही हायड्रोजन सोडतं, पण त्याला सोडिअम धातूसारखा जबरदस्त गडी लागतो. म्हणून सीओओएच हा अखंड एक गट धरायचा, तुकडे करून वाचायचा नाही.

अल्डिहाइडमध्ये त्या दुहेरी बंधाच्या कार्बनवर निदान एक हायड्रोजन असतो, म्हणून त्याचं ऑक्सिडीकरण होऊन सहज आम्ल बनतं. कीटोनमध्ये दोन्ही बाजूंना कार्बन. तिथे ऑक्सिडीकरणासाठी कार्बन-कार्बन बंधच तोडावा लागतो. टॉलेन्सच्या चाचणीत (अल्डिहाइड ओळखायची चाचणी) अल्डिहाइड चांदीचा आरसा देतं, ॲसिटोन हे कीटोन देत नाही, ते यामुळेच.

आता तिला विचारा: एथिल ॲसिटेट या एस्टरमध्ये सोडा टाकला तर फेस येईल का?

धागाकर्ती:
खूप आभार! तिने संरचना काढून बघितली. म्हणाली, नाही येणार, ऑक्सिजनवर हायड्रोजनच नाही, तिथे एथिल गट बसलाय. बरोबर ना?

प्रतिसाद १:
अगदी बरोबर. आता तिला अमीनकडे वळू द्या. तिथे नायट्रोजन हायड्रोजन आयन सोडत नाही, उलट घेतो.