गाडी विकून दोन वर्षं झाली, अपघात तिसऱ्याने केला, नोटीस मात्र बाबांच्या नावाने

मिरजकर88:
नमस्कार मंडळी, लांबलचक आहे पण प्लीज वाचा. बाबांनी त्यांची जुनी स्कूटर 2023 च्या दिवाळीत ओळखीच्या गॅरेजवाल्याला विकली, 18 हजाराला. शंभरच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की आजपासून गाडीची सर्व जबाबदारी घेणाराची, दोन साक्षीदार, नोटरी पण केली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म 29 आणि 30, त्यांवर सह्या करून दिल्या आणि तो म्हणाला, काका आरटीओचं मी बघतो. त्याने काही बघितलं नाही, उलट पुढे कुणाला तरी विकून मोकळा झाला. यंदा जानेवारीत त्या तिसऱ्या माणसाने रात्रपाळीहून सायकलवर घरी येणाऱ्या एका पोराला उडवलं, मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय. इन्शुरन्स केव्हाच संपलेला. आधी पोलीस स्टेशनातून फोन आला, आता मोटार अपघात दाव्याची नोटीस, बाबा सामनेवाला नंबर 2, मागणी 9 लाख. बाबांचं वय 71, बीपी आहे, रात्र रात्र झोपत नाहीत आणि एकच विचारतात, मला अटक होईल का रे. गाडी तर आपली नव्हतीच ना तेव्हा?

बिनधास्त_बाळ्या:
काय टेन्शन घेता राव, नोटरी आहे ना? जबाबदारी त्याची असं लिहून दिलंय त्याने. नोटरीची कॉपी कोर्टात द्यायची, नाव निघतं. आणि फॉर्म 29 ची एक प्रत मागची तारीख टाकून आरटीओत इनवर्ड करून घ्या कोणाच्या तरी ओळखीने, विषय संपला.

कोर्टाची_पायरी:
बाळ्याभाऊ, चांगल्या मनाने सांगताय पण हे भलतंच आहे. मागची तारीख टाकणं म्हणजे खोटा दस्तऐवज, आज ज्या माणसावर एकही गुन्हा नाही त्याच्यावर आपल्याच हाताने गुन्हा ओढवून घ्यायचा.

मिरजकर, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाबांनी त्यांची खिचडी केलीय म्हणून झोप उडालीय. पोलिसांची केस जो चालवत होता त्याच्यावर. भारतीय न्याय संहितेचं 281 म्हणजे बेदरकार गाडी चालवणं आणि 125(ब) म्हणजे निष्काळजीपणाने गंभीर दुखापत, त्यात जास्तीत जास्त 3 वर्षं शिक्षा आहे पण जामीनपात्र, आणि ती त्या चालवणाऱ्यालाच. फौजदारीत मालक आहे म्हणून दुसऱ्याच्या हातून झालेला निष्काळजीपणा मालकाच्या गळ्यात पडत नाही. इन्शुरन्स नसताना किंवा लायसन नसलेल्याला गाडी चालवू दिली हा मोटार वाहन कायद्यात वेगळा गुन्हा आहे खरा, पण तिथे "दिली" हे दाखवावं लागतं, आणि गाडी दोन वर्षांपूर्वीच हातातून गेली हे दाखवायला तुमची नोटरी उपयोगी पडेल. पोलिसांनी बोलावलं तर टाळू नका, गाडी कोणाकडे होती ते सांगणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे मालकाला बंधनकारक आहे. लेखी द्या, कॉपीवर सही-शिक्का घ्या.

आता वाईट बातमी. नुकसानभरपाईच्या दाव्यात नोटरीने नाव निघत नाही. कायद्यात मालक म्हणजे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव तो. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टात नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार झालं, सेम तुमच्यासारखं, गाडी एकाकडून दुसऱ्याकडे दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलेली आणि आरसी पहिल्याच्याच नावावर, कोर्ट म्हणालं पहिलाच जबाबदार, जखमी माणसाने गाडीच्या विक्रीची साखळी शोधत फिरायचं नाही. स्टॅम्पवर जे लिहिलंय ते बाबा आणि गॅरेजवाला यांच्यातलं, त्या पोराने कुठे सही केलीय त्यावर? पॉलिसी चालू असती तर कंपनीने भरलं असतं, आरसी ट्रान्सफर झाली नसती तरी. ती नाही म्हणून सगळं मालक आणि ड्रायव्हरवर.

तारखेला हजर राहाच. नाही गेलात तर एकतर्फी निकाल, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी कलेक्टरमार्फत वसूल होऊ शकते, म्हणजे घरावर बोजा. वकील लावा, लेखी म्हणणं द्या, गॅरेजवाला आणि तो तिसरा दोघांनाही दाव्यात पार्टी करायचा अर्ज द्या. बाबांना भरावं लागलं तर नोटरीच्या जोरावर गॅरेजवाल्याकडून वसुलीचा रस्ता आहेच, लांबचा आहे पण आहे.

आणि 9 लाख मागितले म्हणजे 9 लाख मिळाले असं नसतं. डॉक्टर पायाचं अपंगत्व 35 टक्के लिहितो, लोक लगेच 35 टक्के कमाई गेली धरून हिशोब मांडतात. राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात स्पष्ट सांगितलंय की पायाचं अपंगत्व वेगळं आणि त्या माणसाच्या कामावर प्रत्यक्ष काय परिणाम झाला ते वेगळं. डॉक्टरची उलटतपासणी इथेच कामाला येते.

सायकलवाला_इचल:
मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून राहवलं नाही. माझ्या धाकट्या भावाला 2019 ला असंच उडवलं, लूमवर कामाला होता, आठ महिने घरी, सेठ पगार कसला देतोय. आम्हाला फक्त गाडीचा नंबर माहीत होता आणि नंबरवरून जे नाव निघालं त्याच्यावर दावा टाकला. तो माणूस पण हेच म्हणायचा, मी विकली होती, मी विकली होती. मला राग यायचा, आम्ही काय करायचं मग, भावाचा पाय कुणाकडे मागायचा? तुमच्या बाबांची चूक नाही हे कळतंय पण त्या पोराची तर अजिबातच नाही. आमच्याकडे ड्रायव्हर फौजदारीत सुटला, साक्षीदार फिरला, तरी क्लेम मिळाला कारण तिथे पुरावा तेवढा कडक लागत नाही, तेव्हा तो तिसरा निर्दोष सुटेल आणि दावा पडेल अशी आशा धरू नका. आम्ही शेवटी लोकअदालतीत मिटवलं, मागणीच्या निम्म्याहून थोडं कमी पण एकरकमी.

मिरजकर88:
सायकलवालादादा, खरं सांगू का, आम्ही घरात त्या मुलाबद्दल एकदा पण बोललो नव्हतो, सगळं बाबा बाबाच चाललेलं. लोकअदालतीचं वकिलांना विचारतो. बाबांना फौजदारीचं वाचून दाखवलं, आज जेवले तरी नीट.
कोर्टाची_पायरी, एक शंका. कपाटात फॉर्म 29 ची एक जादा प्रत सापडलीय, बाबांची आणि गॅरेजवाल्याची दोघांची सही आहे पण तारखेचा रकाना कोरा. आरटीओची पोच वगैरे काही नाही. याचा उपयोग?

कोर्टाची_पायरी:
आहे तशीच ठेवा. तारीख टाकू नका, आज नाही आणि कधीच नाही. मूळ कायदा असा की विकणाऱ्याने स्वतः 14 दिवसांत आरटीओला कळवायचं (गाडी राज्यातच विकली असेल तर), ते बाबांनी गॅरेजवाल्यावर सोडलं हे उलटतपासणीत विचारतील, खरं ते सांगा. त्या प्रतीवर गॅरेजवाल्याची सही आहे ना, उद्या तो मी गाडी घेतलीच नव्हती म्हणाला तर ती लागेल. 18 हजार कसे दिले होते, रोख की फोन पे?

मिरजकर88:
10 रोख, 8 फोन पे. स्क्रीनशॉट नाही, पण बाबांच्या पासबुकात एन्ट्री दिसतेय, त्याच्या नावासकट.

कोर्टाची_पायरी:
मग बँकेत जाऊन त्या महिन्याचं स्टेटमेंट शिक्क्यासकट उद्याच काढून आणा.